पन्हळ

पहाटे पावणेपाचला उठते. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, म्हणजे माझ्या गावी, ईटला सव्वापाच. आईचा सडा झाला असेल. एप्रिलमधला सडा म्हणजे हातानं शिंपडलेलं तांब्याभर पाणी. आमच्या भूम तालुक्यात या दिवसांत अंगणात कुणी बादली रिकामी करत नाही.

मी मालदीवमधल्या लामू अटॉलमध्ये गन नावाच्या बेटावर राहते. अटॉल म्हणजे समुद्रात गोल बसलेलं बेटांचं कडं. इथल्या शाळेत मी गणित शिकवते. पासपोर्टवर जिल्हा अजून उस्मानाबाद आहे. तो काढला तेव्हा धाराशिव हे नाव कागदावर यायचं होतं.

उठल्यावर पहिलं काम पाण्याचं. अंघोळीला आणि धुण्याला विहिरीचं पाणी. प्यायला आणि स्वयंपाकाला घरमालकांच्या टाकीतलं, पत्र्यावरचा पाऊस पन्हळीतून उतरवून साठवलेलं. इरुवय, म्हणजे कोरडा हंगाम नुकताच सरलाय. टाकी बोटाच्या पेरांनी खालून वर वाजवत जायची; भरीव आवाज येतो तिथवर पाणी. ही रीत आईची, टँकरच्या पाण्याच्या टिपाडावरची. आज टाकी गुडघ्याच्या बरीच खाली वाजली.

वडिलांनी रानात सहाशे फूट बोअर घेतलं आणि नुसता फुफाटा निघाला. इथं पुरुषभर खड्ड्यात पाणी लागतं. पहिल्या आठवड्यात मला ती चैन वाटली होती. मग कळलं, पावसाचं गोडं पाणी इथं जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगतं. जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं. तेव्हापासून इथंही मोटर जपूनच लावते.

देवाची मूर्ती या देशात आणता येत नाही. हात जोडून मनातल्या मनात तुळजाभवानीचं नाव घेते आणि कणीक मळायला बसते.

साडेसहाला शाळेकडं निघते. दहा मिनिटांची वाट, पांढरी वाळू, दोन्हीकडं शेवग्याची आणि ब्रेडफ्रूटची झाडं. बालाघाटाच्या चढउतारावर वाढलेल्या माणसाला ही सपाटी अजून अंगवळणी पडत नाही. चालताना पाय उगाच चढ शोधतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, दहावीला केंब्रिजची परीक्षा. इस्लाम आणि दिवेही भाषा हे विषय मात्र दिवेहीतून.

त्या दिवेहीनं मला सुरुवातीच्या महिन्यांत तारलं. सिंहलीची बहीण, म्हणजे लांबून आपल्याही नात्यातली. पाच म्हणजे ‘फस’, पाणी म्हणजे ‘फेन’, पुस्तक म्हणजे ‘फोय’. एका दुपारी वह्या तपासताना डोक्यात उजेड पडला: यांचा ‘फ’ म्हणजे आपला ‘प’. ‘फोय’ म्हणजे पोथी! मी शेजारच्या केरळच्या बाईंना हलवून हलवून सांगितलं. दिवेहीची ताना लिपी उजवीकडून डावीकडं लिहितात. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांपासून झाली आणि पुढची नऊ इथल्याच जुन्या अंकांपासून. अंकांपासून अक्षरं घडवणाऱ्या लोकांत गणित शिकवायला मिळतंय, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

आठ वाजता नववीचा तास. आज घनफळ. पुस्तकातला शंकू बाजूला ठेवला आणि फळ्यावर पत्र्याचं छप्पर काढलं. ऐंशी चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर? क्षणभर शांतता, मग मागच्या बाकावरून उत्तर आलं: दोन हजार. आणि टाकी अडीच हजारांची. वर्षाला इथं साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस. आमच्याकडं त्याच्या निम्माही नाही. मग टाक्या रिकाम्या का होतात, यावर वर्ग हिरीरीनं बोलला. कुणी म्हणालं टाक्या लहान, कुणी म्हणालं माणसं वाढली.

मी त्यांना एप्रिल २०१६ सांगितलं: मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली आगगाडी. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, गुणाकार करा. आगगाडी कुणीच पाहिलेली नाही, या देशात ती नाहीच. पण एका मुलीनं हात वर केला. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतला खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प आगीत बंद पडला, तेव्हा भारतातून विमानांनी आणि जहाजानं पाणी आलं होतं. तिच्या मावशीनं रांगेत उभं राहून ते भरलं होतं. ‘मिस, तुमच्या गावात पाणी नाही, तरी पाठवलं?’ मला लगेच बोलता आलं नाही. घंटा झाली.

दुपारी पोळी, डाळ, कांदा. पोळीला इथं ‘रोशी’ म्हणतात. सकाळी ती टुना आणि ओल्या नारळाच्या ‘मस हुनी’बरोबर खातात. कांदा, बटाटा, तांदूळ, पीठ भारतातून येतं; १९८१ च्या व्यापार करारानुसार दरवर्षी ठरावीक वाटा मिळतो. कांदा चिरताना तो सोलापूरच्या बाजारातून आला असेल का, असा विचार हमखास येतो. तीन ते साडेचार दहावीचा जादा तास.

आज गुरुवार. शुक्रवार-शनिवार सुटी, म्हणून पाचला दोघी मैत्रिणी स्कूटर घेऊन दारात. गनपासून फोनादूपर्यंत चार बेटं सांधणारा रस्ता आहे. मध्येमध्ये दोन्ही हातांना समुद्र. आधी गनवरचा जुना स्तूप पाहिला. आता तो प्रवाळदगडांचा झुडपांत दडलेला ढिगारा आहे. हा देश ११५३ मध्ये मुसलमान झाला, त्याआधीची ही बौद्ध खूण. पुरातत्त्वज्ञ एच. सी. पी. बेल १९२२ मध्ये इथं येऊन गेले. मला आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या जुन्या स्तूपाची आठवण झाली.

मग ओहोटीच्या पाण्यात उतरलो. दगडाच्या कपारीत अंगठ्याएवढं काही ठिपकेदार, मऊ दिसलं. बोट लावलं तशी ती कातडी दोन्ही बाजूंनी हळूहळू आत सरकली आणि खालून पिवळसर, चकचकीत पाठ उघडी झाली. कवडी! जिवंत. आईच्या परडीत कवड्यांची माळ आहे, तिची आणि माझी ओळख जन्मापासूनची, पण कवडी चालते हे मी या बेटावर पाहिलं. शेकडो वर्षं याच बेटांवरून जहाजं भरभरून कवड्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. इब्न बतूता इथं काझी होता, त्यानं हे लिहून ठेवलंय. मी तिला कपारीत परत ठेवलं. एक रिकामी तेवढी घेतली, खिडकीत ठेवायला.

आठला फोन.

‘टँकर आला का गं आई?’

‘परवाच्याला यील म्हणत्यात. तुझ्याकडं काय, सगळा समिंदरच. पाऊस हाय का?’

‘अस्सिद लागलंय,’ मी म्हटलं. इथले कोळी वर्ष सत्तावीस ‘नकय’मध्ये मोजतात, तेरा-चौदा दिवसांचं एक. अस्सिद म्हणजे अश्विनी, रोआनु म्हणजे रोहिणी, फुनोस म्हणजे पुनर्वसू. ८ एप्रिलला अस्सिद लागलं की वारा नैर्ऋत्येकडून येऊ लागतो. आईला नावं वाचून दाखवली. ‘मिरग हाय का त्यात?’ तिनं विचारलं. आहे म्हटल्यावर, ‘मग झालं,’ म्हणाली.

अकराला पत्र्यावर ताडताड वाजलं. उठून धावले. घरमालकीणबाई बॅटरी घेऊन आधीच अंगणात. पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नसतं. छपरावरचं मीठ आणि पाखरांची घाण धुऊन जाऊ द्यायची. पन्हळीचा पाइप मी बाहेरच्या बाजूला धरून उभी राहिले, भिजत. गढूळ पाणी गेलं, मग पिवळट, मग स्वच्छ. त्यांनी ओंजळीत घेऊन चव पाहिली, मान हलवली. ‘फेन,’ म्हणाल्या. पाइप टाकीत सोडला. आधी रिकाम्या डब्यासारखा आवाज, मग हळूहळू खोल जाणारा.

साडेअकराला पुन्हा पेरांनी वाजवून पाहिलं. गुडघ्यापर्यंत आलं होतं.