मासा बाहेर, दांडगाई आतच

टाकीतला एखादा मासा बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडू लागला, खाण्याजवळ कुणाला फिरकू देईनासा झाला की घरातलं कुणीतरी बाह्या सरसावून जाळी हातात घेतं. मासाच तो, त्याला कितीसं कळणार, हा त्यामागचा भरवसा. माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते ही लोणकढी थाप आपल्याकडे इतकी रुजली आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. कलम ब्राउन या संशोधकाने ती तपासली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने ऑस्ट्रेलियातल्या रेनबोफिशच्या टाकीतून एक जाळं ओढलं, त्या जाळ्याला सुटकेपुरतं एक भोक ठेवलं होतं. चार-पाच फेऱ्यांतच मासे त्या भोकातून सटकायला शिकले आणि ११ महिन्यांनी पुन्हा जाळं दिसल्यावर त्यांना ती वाट आठवत होती. तेव्हा पहिल्या दोन-तीन झडपा फुकट गेल्या की आपण माशाला निसटायचे धडे देऊ लागतो. शिवाय माशांवर ताणाचा काय परिणाम होतो हे पाहायचं असेल, तर प्रयोगशाळेत त्यांच्यामागे मुद्दाम जाळी फिरवतात, ती ताण आणायची ठरलेली रीतच आहे. घरच्या टाकीत हाच प्रयोग नकळत होतो, आणि तो सोसतात ते आधीच मार खाल्लेले गरीब मासे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले तर पाण्याला दोष देऊ नये.

मासा पकडायची योग्य वेळ रात्रीची. टाकीचा दिवा घालवून दोन-तीन तास गेले की दिवसा वावरणारे मासे दगडाच्या आडोशाला किंवा तळाशी स्थिरावतात. त्यांना पापण्या नसतात, बहुतेकांची बाहुलीही आपल्यासारखी आकसत नाही. उजेडाशी जुळवून घेण्यासाठी दृष्टिपटलातल्या पेशींना जागच्या जागी सरकावं लागतं आणि त्याला वीस-तीस मिनिटं किंवा जास्तही लागू शकतात. अचानक टॉर्च लावला की मासा काही क्षण जागीच खिळतो, तेवढे पुरेसे असतात. एक मोठी जाळी कोपऱ्यात अगदी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने, लहान जाळीने, त्याला सावकाश तिकडे वळवायचं. माशाच्या दोन्ही कुशींवरच्या रेषेत पाण्याची हालचाल टिपणारी इंद्रियं असतात, म्हणून हलती जाळी त्याला अंधारातही कळते. स्थिर जाळीची चाहूल मात्र जवळजवळ लागत नाही. सकर किंवा कॅटफिश असेल तर जाळीऐवजी प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. मासा लवकर हाती यावा म्हणून टाकीतलं निम्मं पाणी आधी काढून घ्यावं. पाणी काढलं तर माशांना त्रास होईल, अशी शंका कुणी घेईल. थोडा होतोच. पण निम्मं पाणी स्वच्छ बादल्यांत काढून ठेवलं आणि तेच परत ओतलं, तर तो तासाभराच्या पाठलागापेक्षा कितीतरी कमी असतो. नळाचं पाणी थेट ओतलं तर मात्र त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं.

इतकं करून मासा हाती लागला की प्रश्न मिटला, हा गैरसमज अधिक महागात पडतो. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात बर्टोनी नावाचा सिक्लिड आहे. त्याचे थोडेच नर वरचढ असतात: अंग निळं किंवा पिवळं, डोळ्यापासून जबड्यापर्यंत काळी रेघ, स्वतःची हद्द. बाकीचे नर माद्यांसारखे फिकट आणि गप्प. २००५ साली बर्माइस्टर, जार्व्हिस आणि फर्नाल्ड यांनी दिवे लागायच्या आधी, अंधारात पाहता येणारा चष्मा लावून, टाकीतला वरचढ नर अलगद काढून घेतला. उजेड झाल्यावर काही मिनिटांतच एका दबलेल्या नराच्या तोंडावर काळी रेघ उमटली, अंगावर रंग चढला आणि तो इतरांवर धावून जाऊ लागला. प्रजननाशी निगडित मेंदूच्या भागात तेवढ्या वेळात एक जनुकही जागं झालं होतं. दादा गेला, पण दादाची गादी तशीच राहिली. सिक्लिडच्या टाकीत दुसऱ्याच दिवशी नवा गुंड उभा राहतो, त्याचं कारण हे.

मग काढायचंच कशाला, असं कुणी विचारेल. काढावंच लागतं, पण कोणाला आणि का हे आधी ठरवून. ऑस्कर दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे फूटभर होतो. वास्तू आणि नशिबाच्या नावाने घरात येणारा फ्लॉवरहॉर्न हा तर मलेशियात १९९० च्या दशकात तयार झालेला संकरच आहे. अशा माशांची जागा एकट्याच्याच टाकीत. याउलट टायगर बार्ब दोन-तीनच असतील तर ते इतरांचे पर कुरतडतात. सहा-आठ केले तर त्यांची धुसफूस बहुतांशी आपापसात राहते, तिथे मासा काढण्याऐवजी वाढवणं बरं. सिक्लिडच्या बाबतीत दांडगा आठवडाभर वेगळा ठेवावा, तेवढ्यात टाकीतले दगड आणि रोपं पुरती हलवावीत. जुनी हद्द राहिली नाही की परत आलेल्याला इतरांसारखी शून्यापासून सुरुवात करावी लागते. पोट भरलं की शांत होईल म्हणून खाणं वाढवण्यात मात्र अर्थ नाही. भांडण बहुधा जागेचं आणि पिल्लांचं असतं, आणि उरलेलं खाणं पाणी नासवतं.

राहिला काढलेल्या माशाचा प्रश्न. नदीत किंवा तलावात सोडला म्हणजे पुण्य लागतं, असं मानणारे कमी नाहीत. थंडीत किंवा प्रवाहात तो मेला तर फुकट गेला, आणि जगला तर तिथल्या माशांच्या मुळावर आला. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत आज सकर मासा सापडतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि भारतात आला तो शोभेच्या माशांच्या व्यापारातून. बरेच दुकानदार मोठा झालेला मासा परत घेतात, पैसे देणार नाहीत एवढंच. जाळी पाण्यात घालण्यापूर्वी त्यांना एक फोन करून ठेवा.