अपूर्णतेची आशा : मुक्तिबोध बंधूंच्या साहित्यातील अंधार आणि मळवाट

राजकीय निराशेच्या काळात कवी सर्जनशील कसा राहतो, या प्रश्नाचे उत्तर समीक्षा बहुधा कवीच्या स्वभावात किंवा त्याच्या विचारसरणीत शोधते. कवी मुळातच आशावादी होता असे म्हटले जाते, किंवा त्याच्या तत्त्वज्ञानाने त्याला भविष्याची हमी दिली होती असे सांगितले जाते. या दोन्ही उत्तरांत कविता बाजूला राहते. कवीचे मत निराश असूनही कवितेची रचना आशेची असू शकते. उलट मत कितीही उमेदीचे असले तरी कविता निर्जीव होऊ शकते. ‘आशावाद’ हे भविष्याविषयीचे विधान आहे, तर ‘आशा’ हे लिहिण्याच्या क्रियेत दडलेले गृहीतक आहे. हा भेद स्पष्ट करण्यासाठी गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) या भावांचे उदाहरण तौलनिक अभ्यासाला फार उपयोगी आहे. दोघांचे घर एक, मातृभाषा मराठी, वैचारिक निष्ठा मार्क्सवादी आणि काही काळ शहरही एकच, नागपूर. मात्र थोरल्याने हिंदीत लिहिले आणि धाकट्याने मराठीत.

ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे जन्मलेल्या गजाननांचे बालपण पोलीस खात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या बदल्यांमुळे माळव्यातील निरनिराळ्या गावांत गेले. माळव्यातील मराठी कुटुंबांत घरची भाषा मराठी आणि शाळेची, बाजाराची, वर्तमानपत्राची भाषा हिंदी अशी विभागणी सर्रास असे. त्यामुळे एका भावाने हिंदी आणि दुसऱ्याने मराठी निवडणे हा आज वाटतो तेवढा मोठा चमत्कार नव्हता. ‘मराठीची हानी’ या सुरात या निवडीकडे पाहण्याची आपली सवय मात्र सोडून द्यावी. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींत गजाननांचा समावेश होता. सहा वर्षांनी, १९४९ मध्ये, शरच्चंद्रांचा ‘नवी मळवाट’ हा संग्रह आला.

शीर्षकातील प्रतिमा विचारात घेण्यासारखी आहे. मळवाट म्हणजे पायांनी मळून तयार झालेली वाट. ती कोणी आखत नाही, अनेकांच्या चालण्याने ती पडते. मग ‘नवी’ मळवाट म्हणणे हा वरकरणी विरोधाभास ठरतो, कारण जी मळलेली आहे ती नवी कशी? या विरोधाभासातच शरच्चंद्रांची त्या काळातील आशा आहे. समूह चालू लागला आहे, वाट पडते आहे आणि कवी त्या चालणाऱ्यांपैकी एक आहे. त्यांच्या १९५७ च्या संग्रहाचे नाव ‘यात्रिक’ आहे, म्हणजे प्रतिमाविश्व प्रवासाचेच राहिले. पण आता वाटेऐवजी वाटसरू केंद्रस्थानी आला.

१९४९ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाचे अधिवेशन ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे भरले आणि तेथे स्वीकारलेल्या जाहीरनाम्याने संघटनेची भूमिका अत्यंत कठोर केली. लेखकाने कोणत्या बाजूला उभे राहावे याबरोबरच त्याच्या कवितेचा शेवट कोणत्या सुरात व्हावा, हेही जणू त्यानंतर ठरून गेले. त्या काळातील प्रगतिवादी कवितेत पहाट हा शेवटाचा ठराविक संकेत बनला. फ़ैज़ अहमद फ़ैज़ यांनी ऑगस्ट १९४७ च्या आपल्या प्रसिद्ध कवितेत या संकेताला आतूनच सुरुंग लावला होता. आलेली पहाट डागाळलेली आहे आणि जिच्यासाठी निघालो ती ही नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही फ़ैज़ पहाटेची प्रतिमा सोडत नाहीत, ती फक्त पुढे ढकलतात. गजानन मुक्तिबोधांनी ती प्रतिमाच जवळपास वगळली. त्यांच्या परिपक्व कवितेत रात्र आहे, वाकडा चंद्र आहे, पडकी विहीर आहे, भुयारे आहेत. हिंदी वाचकाला हा बदल बोचला यात नवल नाही.

या अंधाराला कारणे होती आणि ती खाजगी नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सत्ता, भांडवल आणि मध्यमवर्गीय बुद्धिजीवी यांची जवळीक त्यांनी नागपुरात पत्रकार आणि नभोवाणीचे कर्मचारी म्हणून जवळून पाहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली आणि नागपुरातील हिंदी लेखकांचे वर्तुळ विरळ होत गेले. त्याच वर्षीच्या हंगेरीतील घटनांनी जगभरच्या डाव्या लेखकांना अस्वस्थ केले होते. ‘नया ख़ून’ या साप्ताहिकातील कामानंतर १९५८ मध्ये गजानन राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हे गाव तेव्हा मध्य प्रदेशात होते, आज छत्तीसगडमध्ये आहे. आयुष्यात प्रथमच थोडे स्थैर्य लाभले असताना १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. या घटनेचा त्यांना बसलेला धक्का त्यांच्या निकटवर्तीयांच्या आठवणींत वारंवार येतो. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते आजारी पडले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह निघालेला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या वर्षांत कवीचा राजकीय अनुभव अधिकाधिक काळवंडत गेला, त्याच वर्षांत त्याच्या सर्वांत दीर्घ आणि महत्त्वाकांक्षी कविता लिहिल्या गेल्या. निराशेने सर्जन आटले नाही, उलट ते विस्तारले. असे का व्हावे, याचा उलगडा त्यांच्या कवितेपेक्षाही त्यांच्या सर्जनप्रक्रियेच्या सिद्धांतात अधिक स्पष्ट दिसतो.

‘वसुधा’ मासिकातील लेखमालेतून आकाराला आलेल्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात ‘तीसरा क्षण’ हा प्रसिद्ध निबंध आहे. संवादाच्या रूपात लिहिलेल्या या निबंधात कलानिर्मितीचे तीन क्षण मांडले आहेत. पहिला क्षण जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी हा अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या फँटसीचे रूप घेतो. तिसरा क्षण ही फँटसी शब्दबद्ध होऊ लागण्यापासून ती पूर्णत्वाला जाण्यापर्यंतचा. नाव ‘क्षण’ असले तरी हा तिसरा क्षण महिने, कधी वर्षे चालतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, तिसऱ्या क्षणात फँटसी जशीच्या तशी राहत नाही. भाषा ही समाजाची मिळकत आहे, शब्दांना पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्थ चिकटलेले असतात आणि ते अर्थ कवीच्या फँटसीला वळवतात, दुरुस्त करतात, समृद्ध करतात. कवीही भाषेला बदलतो. म्हणजे लिहिताना कवी एकटा उरत नाही.

या मांडणीचा निराशेच्या प्रश्नाशी असलेला संबंध आजवर पुरेसा लक्षात घेतला गेला आहे असे वाटत नाही. राजकीय निराशा ही पहिल्या क्षणाची सामग्री आहे. ती खोटी मानण्याची किंवा दडपण्याची गरज नाही, कारण कवितेचे भवितव्य त्या क्षणी ठरतच नाही. ते ठरते तिसऱ्या क्षणी, जिथे कवीची वैयक्तिक हताशा इतरांच्या शब्दांतून जाते. निराश माणसाला बोलायला कोणी नाही असे वाटते, पण बोलताना तो अनेकांचीच भाषा वापरत असतो. मुक्तिबोधांच्या ठिकाणी आशेचे आश्रयस्थान हे आहे. त्यामुळेच पहाटेच्या संकेताची त्यांना गरज भासली नाही.

हे ‘अँधेरे में’ या आठ खंडांच्या कवितेत पडताळून पाहता येते. निवेदक रात्री शहरातून निघालेली एक मिरवणूक पाहतो. बँडपथक आहे, लष्करी अधिकारी आहेत आणि त्यांच्यासोबत प्रतिष्ठित पत्रकार, कवी, समीक्षक, मंत्री, उद्योगपती चालले आहेत. त्यांच्यातच शहरातील कुख्यात मारेकरी डोमाजी उस्तादही आहे. (डोमाजी हे नाव विदर्भातील वाचकाला परके वाटणार नाही. हिंदीतील या महाकाव्यसदृश कवितेत नागपूर असे कोपऱ्याकोपऱ्यांतून डोकावते.) दिवसा सभ्यतेने वावरणारे सारे रात्री एका रांगेत आहेत. निवेदकाचा गुन्हा एवढाच की त्याने हे पाहिले. मग पाठलाग, लष्करी अंमल, छळ. एवढ्या भेदक राजकीय निराशेचे चित्र त्या काळच्या भारतीय कवितेत क्वचितच आढळेल.

पण निराशेच्या या मध्यावर दोन भेटी घडतात. टिळकांच्या दगडी पुतळ्यातून ठिणग्या पडतात आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागते. पुढे अंधारात गांधी भेटतात. ते निवेदकाच्या हाती एक मूल सोपवतात. खांद्यावरचे ते मूल काही अंतरावर सूर्यफुलांच्या गुच्छात आणि मग जड बंदुकीत पालटते. या प्रतिमांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बंदुकीच्या प्रतिमेचा अर्थ क्रांतीचे समर्थन असा सरळ लावण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला रूपांतरांपेक्षा सोपवण्याची क्रिया अधिक महत्त्वाची वाटते. गेलेली पिढी विजय सोपवत नाही. ती रडणारे मूल सोपवते, म्हणजे सांभाळण्याचे काम. वारसा येथे ओझ्याच्या रूपात येतो आणि ते ओझे चालताना बदलत जाते.

‘ब्रह्मराक्षस’ या कवितेतही हाच आकृतिबंध आहे. निर्जन विहिरीत अडकलेला, स्वतःला घासूनपुसून निर्मळ करू पाहणारा, पण मळ कधीच न निघणारा विद्वान ही बुद्धिजीवी वर्गाच्या वांझ आत्मपरीक्षणाची प्रतिमा म्हणून ओळखली जाते. त्या विद्वानाची शोकांतिका कवी लपवत नाही. परंतु अखेरीस निवेदक त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे राहिलेले काम तडीस नेण्याची इच्छा व्यक्त करतो. मराठी लोकसमजुतीत ब्रह्मराक्षस हा मुख्यतः भयाचा विषय आहे, आणि त्याच्यापासून सुटका हीच माणसाची इच्छा असते. त्याच्याकडे शिष्यत्व मागणे ही कल्पना म्हणूनच विलक्षण ठरते. अपयशी माणसाकडूनही काही शिकायचे आहे आणि त्याचे काम संपलेले नाही, हे मानल्याशिवाय ही मागणी संभवतच नाही.

या कवितेला हिंदी समीक्षेने दिलेला प्रतिसाद दुभंगलेला आहे. रामविलास शर्मा यांनी ‘नयी कविता और अस्तित्ववाद’ (१९७८) मध्ये मुक्तिबोधांच्या अपराधभावनेत, दुभंगलेल्या व्यक्तित्वात आणि गूढतेत अस्तित्ववादाचा प्रभाव पाहिला. नामवर सिंह यांनी ‘कविता के नये प्रतिमान’ (१९६८) मध्ये त्यांना नव्या कवितेच्या मूल्यमापनाच्या केंद्रस्थानी ठेवले आणि ‘अँधेरे में’ला परम अभिव्यक्तीचा शोध मानले. शर्मांचा आक्षेप सहज झटकून टाकावा असा नाही. अपराधभावना या कवितेत खरोखरच आहे आणि कधी कधी ती स्वतःतच रमते. परंतु त्यांनी कवीच्या मनःस्थितीला कवितेचा निष्कर्ष मानले. कवितेचा शेवट पाहिला तर निवेदकाला काहीच सापडलेले नाही. आपली हरवलेली अभिव्यक्ती तो प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चेहऱ्यात शोधत राहतो. तो एकांतात अंतर्मुख होत नाही, रस्त्यावर येऊन लोकांच्या तोंडाकडे पाहतो. अस्तित्ववादी एकाकीपणाशी याचे नाते लावणे मला कठीण वाटते.

येथे शरच्चंद्रांकडे परत यावे लागते, कारण त्यांचा मार्ग याच्याशी समांतर असूनही निराळा झाला. ‘यात्रिक’नंतर त्यांचा मुख्य भर कादंबरीवर आणि समीक्षेवर राहिला. ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबरीत्रयीत बिशूच्या घडणीचा आलेख आहे, तर ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७८) या ग्रंथात त्यांनी ‘मानुषता’ हे साहित्याचे मूल्य म्हणून मांडले. या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघा भावांपुढचा पेच एकच होता. समूहाची वाट अपेक्षेप्रमाणे पडली नाही, तर लेखकाने विश्वास कशावर ठेवावा? धाकट्याने त्याचे उत्तर मूल्यविचारात शोधले, इतिहास डगमगला तरी टिकेल अशी कसोटी घडवली. थोरल्याने उत्तर शोधण्याचे काम कवितेच्या लांबीवर सोडले. ‘रचनेची सेंद्रिय एकता’ ही मराठी नवसमीक्षेची एक आवडती अपेक्षा होती. त्या अपेक्षेने पाहणाऱ्याला गजाननांच्या कविता पसरट वाटतील, आणि काही ठिकाणी त्या तशा आहेतही. पण त्या पसरटपणामागे, विषय अजून संपलेला नाही ही जाणीव आहे.

या न संपण्याची साक्ष ‘अँधेरे में’च्या प्रकाशनातही मिळते. कवीच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबर १९६४ मध्ये, ती हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात ‘आशंका के द्वीप : अँधेरे में’ या नावाने छापली गेली. त्याच वर्षी आलेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहात शीर्षकाचा पूर्वार्ध नाही. श्रीकांत वर्मा यांनी त्या संग्रहाची जुळवाजुळव केली होती आणि शमशेर बहादुर सिंह यांची त्याला प्रस्तावना आहे. आशंकेची ती बेटे गळून गेली आणि वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ही कविता निव्वळ अंधाराच्या नावाने ओळखली. बेट म्हटले की सभोवती पाणी आणि पलीकडे कुठेतरी दुसरे बेट गृहीत धरावे लागते. अंधाराला मात्र अशी सीमा नसते. या एका शीर्षकबदलाने कवितेच्या वाचनाला कोणती दिशा दिली, याचा अभ्यास पहिल्या मुद्रणाची आणि संग्रहातील संहिता शेजारी ठेवून करावा लागेल.