ॲस्बेस्टॉसची धूळ : कारखान्यातून घराकडे

ग्रीक भाषेत ‘ॲस्बेस्टॉस’ म्हणजे ‘न विझणारा’. हे विशेषण मुळात कळीच्या चुन्याचे. ज्या तंतुमय खनिजास ते पुढे चिकटले, त्याचे जुने ग्रीक नाव ‘अमिआंतोस’, म्हणजे ‘निष्कलंक’, असे होते, आणि फ्रेंचांनी ते अद्याप राखले आहे. याहून विपरीत नाव शोधून सापडणार नाही.

हे खनिज फुटते तेव्हा त्याचा भुगा होत नाही. ते उभे चिरत जाऊन त्याचे अधिकाधिक सूक्ष्म तंतू होतात. श्वासावाटे ते फुप्फुसात खोल शिरतात, शरीरातील भक्षक पेशींना ते पचविता येत नाहीत, आणि त्यांच्याभोवती व्रणासारखे कठीण जाळे वाढत जाते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १९२४ साली मरण पावलेल्या एका कामगार स्त्रीच्या विकाराचे वर्णन डब्ल्यू. ई. कुक यांनी केले व १९२७ साली त्यास ‘ॲस्बेस्टॉसिस’ ही संज्ञा दिली. १९३१ च्या ब्रिटिश नियमांनी कारखान्यातील धुळीवर बंधने घातली. धूळ फाटकापाशी थांबते, असे जणू त्यांत गृहीतच होते.

हे गृहीत १९६५ साली ढासळले. न्यूहाउस व टॉम्प्सन यांनी लंडनमधील मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुस व उदर यांच्या आवरणास होणाऱ्या कर्करोगाच्या, ७६ रुग्णांचे पूर्ववृत्त तपासले. त्यांपैकी ३१ जणांनी ॲस्बेस्टॉसचे काम केले होते. आणखी ९ जणांनी ते कधीच केले नव्हते. केले होते ते त्यांच्या घरातील माणसाने. पतीचे कामाचे कपडे धुणारी पत्नी, हेच त्यांतील नेहमीचे वृत्त. उरलेल्या ३६ पैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले. रुग्णास केवळ त्याचा स्वतःचा व्यवसाय विचारून भागले असते, तर ‘गृहिणी’ या उत्तरापाशीच हा शोध संपला असता.

धुळीचा प्रथम संपर्क आणि हा कर्करोग यांत बहुधा वीस ते पन्नास वर्षांचे अंतर पडते. पांढरे ॲस्बेस्टॉस भारतात आजही आयात होऊन सिमेंटच्या पत्र्यांत वापरले जाते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, अथवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला, तो या दीर्घ विलंबाची जाण ठेवूनच. मात्र ही नोंद कामगाराची आहे. त्याचे कपडे झटकून धुणारीला चाळीस वर्षांनी धाप लागू लागली, तर तिच्या नावाचे पान त्या दप्तरात नसते.