इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची? आधी रोजचे किलोमीटर मोजा!



कुणी डबे पोहोचवतं, कुणी घरपोच किराणा देतं, कुणी बेकरीचा माल दुकानांत टाकतं. पण प्रश्न सगळ्यांचा एकच: "सर, इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का?" माझं उत्तर असं, की शोरूममध्ये जायच्या आधी आठवडाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहा. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून सगळा हिशोब इथे मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे घाला.

पेट्रोल: समजा पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि गाडी ४५ चं ॲव्हरेज देते. म्हणजे किलोमीटरला साधारण २ रुपये ३३ पैसे.

वीज: समजा बॅटरी ३ युनिटची आहे. चार्जिंग होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर साडेतीन युनिट धरा. युनिटला १२ रुपये धरले तर फुल चार्ज ४२ रुपयांत झाला. त्यात माल लादून ८० किलोमीटर झाले, तर किलोमीटरला ५३ पैसे.

युनिटचा दर धरताना एक काळजी घ्या. घरगुती बिलात टप्पे असतात. वापर वाढला की दर वाढतो. गाडीचे युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून बिलाची सरासरी नको, वरच्या टप्प्याचा दर धरा.

म्हणजे किलोमीटरमागे बचत १ रुपया ८० पैसे. आता खरी गंमत बघा. महिन्याला कामाचे दिवस २६ धरू आणि इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा ३५ हजारांनी महाग आहे असं समजू.

- रोज ६० किलोमीटर: महिन्याला १५६० किलोमीटर, बचत सुमारे २८०० रुपये. जादा पैसे साधारण साडेबारा महिन्यांत वसूल.
- रोज १५ किलोमीटर: महिन्याला ३९० किलोमीटर, बचत सुमारे ७०० रुपये. वसुलीला चार वर्षांहून जास्त!

गाडी तीच, दरही तेच. तरी एकाचा फायदा होतो आणि दुसऱ्याचं भांडवल अडकून पडतं. धंदा नवीन असेल तर तेच ३५ हजार कच्च्या मालात फिरवलेले बरे.

रोजचे ६० होत असतील, तरी पैसे भरायच्या आधी चार गोष्टी तपासा:

१. वॉरंटी: वर्षं आणि किलोमीटर दोन्ही वाचा, जे आधी संपेल ते लागू होतं. "३ वर्षं किंवा ३० हजार किलोमीटर" असं असेल, तर रोज ६० किलोमीटर चालवणाऱ्याची वॉरंटी १९-२० महिन्यांतच संपते. काही ठिकाणी धंद्यासाठीचा वापर वॉरंटीतून वगळलेला असतो, तेही विचारून घ्या. नवीन बॅटरीची किंमत लेखी घ्या.

२. रेंज: जाहिरातीतली रेंज ठरावीक चाचणीतली असते. वजन, चढ आणि वेग यांनी ती घटते. टेस्ट राइडला तुमच्या मालाएवढं वजन घेऊनच जा.

३. चार्जिंगची जागा: तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी खाली, तर वायर लोंबकळत सोडू नका. बॅटरी काढता येते का ते बघा, किंवा सोसायटीशी बोलून अर्थिंग असलेला पॉइंट घ्या.

४. "लायसन्स लागत नाही" वाली गाडी: ही सवलत २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या गाड्यांना आहे. वजन लादून पूल चढताना तिचा दम निघतो. आणि वेगाचा लॉक काढून पळवलीत, तर ती सवलत उरत नाही.

आज रात्री गाडी उभी केलीत की मीटरचा आकडा वहीत लिहा. उद्या रात्री पुन्हा लिहा. सात दिवसांनी वर दिलेल्या हिशोबात तुमचे आकडे घाला. शोरूमवाला काय म्हणतो ते त्यानंतर ऐका!