कोळंबीची साले आणि हायड्रोजन

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कोळंबी सोलत बसलेल्या मावश्या दिसल्या की मला अजून ओशाळल्यासारखे होते. नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एका बँकेत मी कर्जाचे अर्ज पाहत असे. रसायनशास्त्र शिकलेला एक तरुण आला. पिशवीत कोळंबीची वाळलेली साले. त्यांपासून कायटोसान काढायचे म्हणत होता. “तारण काय?” मी विचारले. त्याने पिशवीकडे पाहिले. अर्ज परत गेला.

निवृत्तीनंतर या कायटोसानशी पुन्हा गाठ पडली, ती हायड्रोजनच्या निमित्ताने. सोडियम बोरोहायड्राइडची पांढरी भुकटी पाण्यात घातली की हायड्रोजन सुटतो. ग्रॅममागे सव्वादोन लिटरांहून अधिक. पण आपणहून फार सावकाश. घाई करायला रुथेनियम किंवा स्वस्तातला कोबाल्ट उत्प्रेरक म्हणून लागतो. कण जितके बारीक तितके काम जास्त. मात्र मिलिमीटरच्या दशलक्षांशात मोजायचे हे कण मोकळे सोडले की एकमेकांना चिकटतात. कायटोसानमधले नायट्रोजनयुक्त गट त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात.

सालांतला चुना आम्लाने काढायचा, प्रथिने अल्कलीने, मग तीव्र कॉस्टिकमध्ये तापवायचे. तयार कायटोसान व्हिनेगरमधल्याच आम्लात विरघळवून थेंबथेंब कॉस्टिकच्या द्रावणात सोडले की मणी होतात. “म्हणजे साबुदाणाच की!” सौ. म्हणाल्या. हे मणी कोबाल्टच्या क्षारात भिजवायचे. बोरोहायड्राइड लागताच ते काळे पडतात. काम झाले की गाळून पुन्हा वापरायचे. खेपेगणिक जोर कमी होतो, ते आलेच.

बँकेची सवय सुटत नाही, मी खर्चाची बाजू पाहिली. वायू सुटल्यावर बोरेट उरते आणि त्याचे पुन्हा बोरोहायड्राइड करणे महागात पडते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी २००७ साली मोटारींसाठी ही वाट सोडण्याची शिफारस केली. आपल्याकडे २०२३ साली १९,७४४ कोटींचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाले, त्याचाही मुख्य भर विजेने पाणी फोडण्यावर आहे. मण्यांना वाव उरतो तो लहानसहान उपकरणांत.

मग मी अर्ज नाकारला ते बरोबरच? छे! तो हायड्रोजनसाठी पैसे मागतच नव्हता. जखमेच्या पट्ट्या, सांडपाण्याची सफाई असे काहीतरी सांगू पाहत होता. मी त्याला पुरते बोलू दिले नाही.

परवा बाजारात सालांनी भरलेली पाटी दिसली. “याचं काय करता?” मी विचारले.

“टाकायची, भाऊ. दुसरं काय?” मावशी म्हणाली आणि पाटी उचलून निघाली.