जुने इंजिन का कुरकुरते?

कद्र्याकडून अणशीला येणारा घाट ज्यांनी मोटारसायकलीने चढला आहे, त्यांना इंजिनाची खरी परीक्षा कुठे होते हे सांगायला नको. सपाटीवर मजेत धावणारी जुनी गाडी चढाला लागली की तिसऱ्या गियरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येते आणि एखाद्या वळणावर चक्क बसकण मारते. दोन्ही बाजूंना रान, पावसाळ्यात धुके, आणि हाक मारावी तर ओ द्यायला कोणी नाही. अशा वेळी गाडीच्या दुखण्याची थोडीफार जाण आपली आपल्याला असलेली बरी.

आमच्या काकांची येझदी माझ्याहून वयाने मोठी आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या जातीच्या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्या 'येझदी' या नावाने निघाल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातून निघालेली शेवटची गाडीसुद्धा आज तिशीच्या घरात आहे. आमच्या घरी बाजारहाट, रेशन, दवाखाना हे सारे याच गाडीवर. गेल्या वर्षी ती घाटात दम टाकू लागली. एका मेकॅनिकने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि सांगितले, "ब्लॉक बोर करा, नवा पिस्टन टाका." खर्चाचा आकडा ऐकून काका म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात देतो."

भंगाराचा निर्णय थोडा लांबवावा, अशी मी गळ घातली. त्यामागे यंत्रज्ञान नव्हते, हिशेब होता. तेरीजपत्रक जुळले नाही म्हणून आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी सगळी खतावणी नव्याने लिहीत नाही. आधी फरक किती ते पाहतो. तो नवाने भागला जात असेल तर आकड्यांची उलटापालट झाली असेल. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेली असेल. चूक कोणत्या जातीची हे फरकच सांगतो. इंजिनाचेही तसेच असते. ते केव्हा बिघडते, यावरून काय बिघडले याचा माग लागतो.

येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला चार गोष्टी हव्यात: पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, नेमक्या क्षणी ठिणगी, मिश्रण घट्ट दाबले जाणे, आणि जळलेला धूर बाहेर जायला मोकळी वाट. यांपैकी एक जरी उणी पडली तरी गाडी 'नीट चालत नाही'. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर? सावकाश चालताना की पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर? जाग्यावर उभी असताना की ओझे ओढताना?

पेट्रोलपासून सुरुवात करावी, कारण त्याला खर्च नाही. गाडी काही अंतर चांगली जाते, मग मरते, थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते, असे असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते मातीने बुजले तर पेट्रोल खाली उतरत नाही. नंतर कॉकची जाळी आणि कार्ब्युरेटरची वाटी पाहावी. जुन्या टाकीतला गंज तिथेच जमतो. सावकाश चालतानाच गाडी अडखळत असेल तर लहान जेट तपासावे, पूर्ण पिळल्यावरच अडखळत असेल तर मोठे.

दुसरी पाळी ठिणगीची. गाडी चढावर जोरात ओढत असताना सुरक्षित जागा पाहून क्लच दाबावा, तिथेच इंजिन बंद करावे आणि थोडे निवल्यावर प्लग काढावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहावा. काळे आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरे पडलेले टोक मात्र धोक्याचे. कुठून तरी जादा हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. तशीच गाडी दामटली तर पिस्टन जाम होतो.

ठिणगी पाहताना प्लग ब्लॉकच्या धातूला टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ येत असते. ठिणगी निळी, ठसठशीत हवी. पिवळट, बारीक असेल तर सीबी पॉइंट पाहावेत. त्यांची तोंडे खडबडीत झाली असतील तर घासून सपाट करावीत आणि पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात सुमारे ०.४ मिलिमीटर फट ठेवावी. पॉइंटमध्येच लखलख ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला असे समजावे. तापल्यावरच बंद पडणाऱ्या कित्येक गाड्यांचा गुन्हेगार हाच असतो.

तिसरी गोष्ट दाबाची. किक मारताना पायाला चांगला विरोध जाणवला पाहिजे. पाय भसकन खाली गेला तर रिंगा झिजल्या असतील किंवा हेडच्या जोडातून गळती असेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटीही हवाबंद लागते. क्लचच्या बाजूचे ऑइल सील फाटले तर गियरचे ऑइल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि गियर ऑइल कमी होत जाते. डायनामोच्या बाजूचे फाटले तर नुसती हवा शिरते. प्लग पांढरा पडण्याचे तेही एक कारण.

आता काकांच्या गाडीकडे येऊ. पहिल्या रविवारी मी एक चूक केली. प्लग काळा, तेलकट दिसताच नवा प्लग घातला, पॉइंटची फट बदलली आणि कार्ब्युरेटरची सुईही एक खाच खाली केली. सारे एकाच संध्याकाळी. गाडी किंचित सुधारली, दोन दिवसांनी पूर्वीहून बिघडली. कशाने सुधारली आणि कशाने बिघडली, काहीच कळेना. पुढच्या रविवारी सगळे पूर्ववत करून पुन्हा प्रश्नांपासून सुरुवात केली. किकला विरोध चांगला होता. ठिणगी निळी होती. जाग्यावर इंजिन चांगले गरजत होते, फक्त चढावर ओढत नव्हते. क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज चढला असता आणि वेग तेवढा वाढला नसता. तसेही नव्हते, आवाजच दबत होता.

येझदीला दोन सायलेन्सर असतात. इंजिन चालू ठेवून दोन्हींच्या मागे, चटका बसणार नाही इतक्या अंतरावर, हात धरला. एका बाजूने धूर जोरात येत होता, दुसऱ्या बाजूने जेमतेम. आतली जाळीची नळी ओढून काढली तर तिची भोके कार्बनने लिंपल्यासारखी बुजलेली! दुसरीही निम्मी भरली होती. रिकामे इंजिन गरजते तेव्हा त्याला थोडाच धूर बाहेर टाकायचा असतो. चढावर भरपूर जळण होते, धूर भरपूर निघतो. तो कोंडला की ताज्या मिश्रणाला आत जागाच उरत नाही.

नळ्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून साफ केल्या. (हातमोजे घालावेत, डोळे जपावेत आणि अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूला ते पाणी लावू नये.) त्या दिवशी दुसरे काहीही बदलले नाही. संध्याकाळी काका घाट उतरून पुन्हा चढून आले. पहिला गियर घ्यावा लागला नाही.

मग कार्बन आला कुठून, हाही प्रश्न उरतोच. काका पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतत, आणि "जुनी गाडी आहे, थोडे जास्तच बरे" म्हणून हात सैल सोडत. पंचविसास एक हे प्रमाण धरले तर एका लिटरला ४० मिलिलिटर पुरते. जास्त ऑइल म्हणजे जास्त कार्बन; शिवाय जेटमधून तेवढे पेट्रोल कमी जाते, म्हणजे इंजिनाचे रक्षण होण्याऐवजी ते जास्त तापू शकते. आता आमच्याकडे खुणा केलेले औषधाचे माप आहे.

आणखी एक सूचना. अलीकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि जुने रबर बिघडवते. आमच्याकडच्या पावसात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साठू शकते. म्हणून जुन्या गाडीची नळी आणि वॉशर वेळेवर बदलावेत, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

मेकॅनिकचा सल्ला सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही. काकांचा पिस्टन जुना आहेच, आणि एक दिवस बोरचे काम निघेल. पण त्या दिवशी दुखणे तिथे नव्हते. म्हणून बिनखर्चाच्या तपासण्या आधी, पैशांच्या नंतर आणि हजारांच्या सर्वांत शेवटी कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती वहीत लिहून ठेवावी. काकांच्या गाडीच्या डिकीत आता प्लगचा पाना, पॉलिश पेपर आणि एक छोटी वही असते. भंगाराचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.