पोतोसीची चांदी, बऱ्हाणपूरचा रुपया

देवपुरात राहून स्पॅनिश अमेरिकेची चांदीची नाणी जमवायची, हा छंद ऐकणाऱ्याला आडवाटेचा वाटतो. पांझरेच्या काठी एकवीरा देवीचे देऊळ, पुलापलीकडे धुळ्याचा बाजार. इथे मेक्सिको आणि पेरूचा काय संबंध? नकाशा घेऊन बसले की संबंध दिसू लागतो. मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा हमरस्ता नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असा जात होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात याच वाटेने बऱ्हाणपुरी पोहोचला. शिंदखेडा काय, थाळनेर काय, देवपुरातून सकाळी निघून जेवायला घरी परतता येईल इतकी जवळची गावे. थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी बघायला आपण जातो, पण त्याच गावावरून जगातल्या सर्वांत मोठ्या चांदीच्या प्रवाहाचा एक फाटा वाहत होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

आठ रियालचे स्पॅनिश नाणे खान्देशाच्या इतिहासाचे साधन आहे, हे मला या लेखात सांगायचे आहे. ते संग्रहात ठेवायचे तर सुरतेच्या नाहीतर बऱ्हाणपूरच्या रुपयाशेजारी ठेवावे. एकटे ठेवले तर त्याची अर्धीच गोष्ट कळते.

गोष्ट सुरू होते आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला. समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवरच्या त्या उजाड डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तिथे दीड लाखाच्या घरात वस्ती झाली, असे सांगतात. मेक्सिकोची टाकसाळ त्याआधीच, १५३६ च्या सुमारास सुरू झाली होती. पोतोसीची १५७० च्या दशकात निघाली. धातुकातून चांदी काढायला पारा लागे आणि तो पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई. माणसे आणली व्हाइसरॉय तोलेदोने लादलेल्या ‘मिता’ नावाच्या वेठीने. गावोगावच्या आदिवासी पुरुषांची पाळी लागे, आणि पाळी लागली की शेकडो मैल चालत डोंगर गाठायचा. संग्राहकाने हे विसरू नये. नाण्यावर राजाचे नाव असते, खणणाऱ्याचे नसते.

तिथली सुरुवातीची नाणी दिसायला ओबडधोबड. चांदीची कांब तोडायची, तुकडा कातरून वजनाला बरोबर करायचा आणि दोन ठशांमध्ये धरून हातोडा मारायचा. एका बाजूला स्पेनचे राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याच्या चार घरांत सिंह व किल्ले. कडा वाकडी, अक्षरे अर्धी. वजन मात्र नेमके: २७.४७ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन तोळे चार मासे. कस हजारात ९३०. वजन आणि कस यांवरच या नाण्याने जग जिंकले.

सुरतेला ते तीन वाटांनी येई. पहिली वाट सेव्हिल, मग ॲमस्टरडॅम-लंडन, आणि तिथून आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या कंपन्यांच्या जहाजांची. युरोपला आपले कापड, नीळ आणि मिरी हवी होती, पण त्यांच्या लोकरीला इथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. म्हणून जहाजात पेट्या भरभरून रियाल यायचे. दुसरी वाट तांबड्या समुद्राची, आणि माझ्या मते तिचे महत्त्व आपल्या पाठ्यपुस्तकांत फार कमी सांगितले जाते. गुजराती व्यापाऱ्यांची जहाजे मोखा आणि जिद्द्याला कापड विकत आणि रोख चांदी घेऊन परतत. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ जहाज लुटले. मोखा-जिद्द्याच्या विक्रीतून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-चांदी त्यावर होते, असे इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवले आहे. तिसरी वाट मनिलाची. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे गलबते मनिलाला चांदी नेत होती, आणि तिथून काही हिस्सा आपल्या किनाऱ्यांना लागे.

मग ती नाणी गेली कुठे? मोगल राज्यात परकी नाणे बाजारात चालत नसे. टाकसाळ सर्वांना खुली होती: चांदी न्यावी, सराफाने कस पाहावा, टाकसाळीचा खर्च आणि बादशाही हक्क मिळून पाच टक्क्यांच्या आसपास वजावट द्यावी आणि करकरीत रुपये घेऊन यावे. आठ रियालच्या एका नाण्यात साडेपंचवीस ग्रॅम शुद्ध चांदी, रुपयात अकराच्या थोडी वर. म्हणजे असे एक नाणे वितळले की वजावटीपूर्वी सव्वादोन रुपयांहून थोडी जास्तच चांदी हाती येई. वितळताना क्रूस गेला, राजचिन्ह गेले, त्या जागी फारसी अक्षरांत बादशहाचे नाव आणि टाकसाळीचे गाव आले. सुरतेला असे झालेले रुपये थैल्यांतून आणि हुंड्यांच्या आधाराने तापीच्या खोऱ्यात चढले, धरणगाव-नंदुरबारच्या विणकरांना आगाऊ रक्कम म्हणून मिळाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही गावी इंग्रजांच्या वखारी होत्या. बऱ्हाणपूरला तर स्वतःचीच टाकसाळ होती. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेऊन खान्देश साम्राज्यात आणला, त्यानंतर हे शहर दक्षिणेच्या मोहिमांचे ठाणे झाले, आणि फौजेचा पगार रोख लागतो.

रियाल शाबूत राहिला नाही, याचे कारण हेच. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे नशीब वेगळे होते. त्याच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, आहे. आपल्या बायकांनी त्यात राम-सीता पाहिली आणि पुतळ्यांची माळ गळ्यात घातली. चांदीच्या रियालला असा मान मिळाला नाही. खान्देशात जुन्या मोडीत व्हिक्टोरियाचे रुपये निघतात, चांदवडच्या टाकसाळीचे चांदोरी रुपये निघतात; रियाल निघाल्याचे मी पाहिलेले नाही. तो रुपयाच्या पोटात आहे.

हे नुसते अनुमान नाही. इतिहास-संशोधक अझीझा हसन यांनी १९६९ मध्ये उत्तर प्रदेशात सापडलेल्या नाण्यांच्या नोंदी वर्षवार मांडून मोगल रुपयांच्या उत्पादनाचा चढउतार दाखवला आणि तो अमेरिकेच्या चांदीच्या ओघाशी जुळवून पाहिला. त्यावर पुढे बरेच वाद झाले, आकडे दुरुस्त झाले. पण पद्धत मनात भरणारी आहे. ज्याने ठसा आणि सन एवढेच वाचायला शिकून घेतले आहे, अशा हौशी माणसालाही इतिहासाच्या कामात हातभार लावता येतो, हे तिच्यावरून कळते. धुळ्याच्या माणसाला हे नवे नाही. गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे याच शहरात ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी इथे उभे राहिले.

माझे मन सगळ्यात जास्त गुंतते ते १६३० ते १६३२ या वर्षांत. पाऊस गेला, गुजरात-खान्देश-दख्खन दुष्काळात होरपळले. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा माणूस १६३० च्या अखेरीस सुरतेहून याच रस्त्याने बऱ्हाणपूरकडे निघाला. वाटेवर आणि गावांच्या वेशीवर पडलेली प्रेते त्याने रोजनिशीत नोंदवली आहेत. त्याच वेळी शहाजहान बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल तिथेच वारली. बादशहाने लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला. वीस सोमवारांत एक लाख रुपये झाले, अशी दरबारी नोंद आहे. ते रुपये ज्या चांदीचे होते तिच्यातली कितीतरी अमेरिकेच्या डोंगरातून, वेठीच्या माणसांच्या हातून आलेली असणार. इथे ती आली तेव्हा चांदी होती, धान्य नव्हते. त्या वर्षांतला बऱ्हाणपूरचा रुपया हातात धरला की दोन खंडांतली माणसे एकदम डोळ्यांपुढे येतात, आणि मला ते नाणे लगेच खाली ठेवावेसे वाटत नाही.

आता जमवणाऱ्यासाठी थोडे व्यवहाराचे. हातोडीची नाणी, खांबांची नाणी आणि मुखवट्याची नाणी अशा तीन पिढ्या समजून घ्याव्यात. खांबांचे नाणे मेक्सिकोत १७३२ पासून यंत्रावर पडू लागले, आणि माझ्या मते नाण्यांच्या इतिहासात याहून देखणे थोडेच. मधे समुद्राच्या लाटांवर मुकुटाखाली पृथ्वीचे दोन गोल, दोन्ही बाजूंना हर्क्युलसचे खांब, खांबांवर गुंडाळलेल्या फिती. भोवती लॅटिनमध्ये ‘दोन्ही एकच’ अशा अर्थाचे शब्द. खाली सन, आणि सनाच्या दोन्ही बाजूंना टाकसाळीची खूण: ‘एम’ अक्षर आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा ‘ओ’. कडेवर पानांची वेल, कातरून चांदी चोरता येऊ नये म्हणून. १७७२ पासून राजाचा मुखवटा आला आणि कडेवर आळीपाळीने वर्तुळ व चौकट. कसही उतरला: १७२८ मध्ये हजारी ९१७ झाला होता, १७७२ मध्ये ९०३. तिसरा चार्ल्स १७८८ मध्ये वारला, तेव्हा नव्या राजाचा ठसा समुद्रापलीकडून येईपर्यंत अमेरिकेतल्या टाकसाळींनी जुन्याच चेहऱ्याखाली नवे नाव घालून नाणी पाडली. ही १७८९-९० ची नाणी मला फार आवडतात.

मुखवट्याच्या पुष्कळ नाण्यांवर चिनी सराफांचे बारीक ठसे असतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू कँटनला विकून ही नाणी परत आणत आणि ती मुंबईच्या टाकसाळीत वितळत. मोगल रुपयांवरही आपल्या सराफांच्या पारखीच्या खुणा दिसतात. काही संग्राहक अशी नाणी ‘खराब’ म्हणून बाजूला सारतात. मी उलट तीच आधी उचलतो, कारण नाणे कुणाकुणाच्या हातून गेले याचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

खोटी नाणी बाजारात उदंड आहेत, मुखवट्याची तर सगळ्यात जास्त. चुंबकाने फसवणूक दर वेळी पकडली जात नाही. सराफाच्या काट्यावर नाणे आधी कोरडे तोलावे, मग दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवून तोलावे. सत्तावीस ग्रॅमचे नाणे पाण्यात साडेचोवीसच्या जवळपास भरले पाहिजे. चोवीसच्या खाली गेले तर आत दुसरा धातू आहे असे समजावे. नंतर भिंगातून कडा पाहावी. ओतीव नाण्यावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि कडेला सांधा दिसतो. कसोटीवर घासू नये. दोनशे वर्षे टिकलेल्या नाण्याला आपल्या हातून ओरखडा कशाला?

कायदाही माहीत असावा. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून जास्त मोलाचे धन १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, आणि शंभर वर्षांपुढचे नाणे १९७२ च्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही. शेतात घागर निघाली की ती परस्पर मुशीत जाते, हे आपल्या भागाचे मोठे नुकसान आहे. घागरीतली नाणी कुठल्या टाकसाळींची, कुठल्या सनांची आणि किती, या नोंदीतच इतिहास असतो. वितळलेल्या लगडीतून तो परत मिळत नाही. शिकायचे असेल त्याने नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था पाहावी, तिथले संग्रहालयही पाहावे.

माझ्या डबीत सध्या एक जागा मोकळी आहे. तिथे मला दोन नाणी शेजारी ठेवायची आहेत: हिजरी १०४१ चा, म्हणजे १६३१-३२ चा, बऱ्हाणपूरचा शहाजहानी रुपया आणि त्याच सुमाराचा चौथ्या फिलिपचा पोतोसीचा आठ रियाल. रुपया आज ना उद्या मिळेल. रियालची अडचण आहे. हातोडीच्या नाण्यात सन कडेला येतो, आणि कांबेचा तुकडा लहान पडला की तोच आधी नाण्याबाहेर जातो. तोवर राजचिन्हाशेजारच्या परीक्षकाच्या आद्याक्षरावरून काळ ठरवत, एकेक नाणे भिंगाखाली फिरवत शोध चालू आहे.